आदिवासी पाड्यावर बदली झालीय? मुलांची संस्कृती समजून घेऊन शिकवण्यासाठी काय करावं

मेळघाटात, पालघरात किंवा गडचिरोलीच्या आतल्या भागात बदली झाली की पहिली चौकशी रस्त्याची, रेंजची आणि राहायच्या खोलीची होते. ती करायलाच हवी. त्याच फोनवर आणखी एक गोष्ट विचारून घ्या: तिथली मुलं घरी कोणती भाषा बोलतात? बहुतेक वेळा 'आदिवासी भाषा' एवढंच उत्तर मिळतं. एवढ्याने भागत नाही, कारण तुमच्या पहिल्या वर्षाचं सगळं नियोजन या उत्तरावर ठरणार असतं.

हा लेख नव्याने रुजू होणाऱ्या प्राथमिक शिक्षकांसाठी आहे. प्रशिक्षणांत 'सांस्कृतिक क्षमता' हा विषय एखाद्या तासात उरकला जातो आणि पडद्यावर वारली चित्रं दाखवली जातात. त्यातून वर्गात काहीच बदलत नाही, असं माझं ठाम मत आहे. मुलाला काय येत नाही याची यादी शाळेत आयतीच तयार असते. त्याला काय येतं याची यादी मात्र शिक्षकाला स्वतः गावात फिरून करावी लागते. पुढची सगळी कामं या दुसऱ्या यादीसाठी आहेत.

आधी भाषा ओळखा

महाराष्ट्रातल्या आदिवासी भाषा एका कुळातल्या नाहीत. वारली, कातकरी, भिली, पावरी या मराठी-गुजरातीच्या नात्यातल्या. गोंडी, माडिया आणि कोलामी द्राविडी, म्हणजे तेलुगू-कन्नडच्या गोतातल्या. मेळघाटातल्या धारणी-चिखलदऱ्याची कोरकू तर मुंडा गटातली, तिचे नातेवाईक झारखंडच्या संथाळी-मुंडारीत सापडतात. बंजारा तांड्यावरची गोरमाटी राजस्थानीच्या जवळची.

हे फक्त माहितीसाठी सांगत नाही. वारली मूल पहिल्या दिवशी तुमचं मराठी अर्धंमुर्धं समजून घेतं, आणि तिथे गैरसमज छोट्या शब्दांवरून होतात. कोरकू मुलाला 'पाटी काढा, ओळीत बसा' यातलं काहीही कळत नसतं. ते दुसऱ्यांकडे बघून पाटी काढतं आणि आपल्याला वाटतं, समजलं. पहिलीतलं मूल गप्प असेल तर ते 'मंद' आहे असं ठरवण्याआधी त्याला त्याच्या भाषेत काहीतरी विचारून पाहा. स्वतःला येत नसेल तर चौथीतल्या ताई-दादाला विचारायला सांगा.

पहिल्या आठवड्यात पन्नासेक शब्दांची वही करा. पाणी, भूक, शू, दुखतंय, ये, बस, घाबरू नको, छान, पुन्हा सांग, आई कुठे आहे. हे शब्द मोठ्या मुलांकडून, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंकडून किंवा अंगणवाडीसेविकेकडून घ्या, आणि त्यांच्यासमोर उच्चार करून तपासून घ्या. कोरकूत पाण्याला 'डा' म्हणतात, आणि म्हणताना शेवटी आवाज घशात अडतो. आपण नुसतं 'डा' म्हटलं की मुलं हसतात. हसू द्या आणि पुन्हा म्हणून दाखवायला सांगा. गुरुजींना शिकवायला मिळालं की मुलांची भीड चेपते, इतकी दुसऱ्या कशानेही चेपत नाही.

चूक आणि भाषेचा ठसा यात फरक करा

इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त मुलं इथेच हिरमुसतात.

मराठीत तीन लिंगं. कोरकूत नामांचे मुख्य भेद सजीव आणि निर्जीव असे. त्यामुळे कोरकू मूल मराठी बोलू लागलं की 'आई आला', 'माझा पाटी फुटला' अशी वाक्यं येतात. हा निष्काळजीपणा नव्हे. नवी भाषा शिकताना जुनीचं व्याकरण वापरून पाहणं हे डोकं नीट चालत असल्याचं लक्षण आहे. उलट कोरकूत दोन माणसांसाठी सर्वनामाचं वेगळं रूप असतं, ते आपल्या मराठीत नाही. व्याकरण कमी कोणाचंच नसतं, वेगळं असतं.

मग करायचं काय? मूल म्हणालं, 'गुरुजी, आई आला', तर 'आला नाही, आली म्हण' असं तोडू नका. म्हणा, 'आई आली का? कुठून आली? बाजारातून आली?' बरोबर रूप एका दमात तीनदा त्याच्या कानावर गेलं, आणि त्याला जे सांगायचं होतं तेही सांगून झालं. लेखी कामात ठरावीक दिवशी एकच गोष्ट तपासा. या आठवड्यात आला-आली, पुढच्या आठवड्यात माझा-माझी. वहीभर लाल शाई दिसली की मूल लिहायचंच सोडतं.

तसंच 'तू'चं. कित्येक आदिवासी बोलींत वडीलधाऱ्यांनाही 'तू'च म्हणतात. 'गुरुजी, तू काल आला नाय?' या प्रश्नात काळजी असते, उद्धटपणा नसतो. 'तुम्ही' कधी वापरतात ते नाटुकलीतून शिकवा. कोणी दुकानदार होईल, कोणी डॉक्टर, कोणी तलाठी. मुलांना बाजारात आणि दवाखान्यात हे लागणारच आहे. मात्र त्यासाठी रागावू नका.

अंकांचंही असंच आहे. कोरकू मुलांना आधी 'मिया, बारी, आफई' असं दहापर्यंत त्यांच्याच भाषेत मोजू द्या, हातात खडे किंवा चिंचोके घेऊन. संख्येची कल्पना पक्की झाली की मराठी नावं चढतात. पण 'एकोणपन्नास' आणि 'त्रेसष्ट' ही नावं मराठी घरातल्या मुलांनाही छळतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' अशी जोडून नावं आली तेव्हा राज्यभर मोठा गदारोळ झाला. घरी मराठी नसलेल्या मुलांसमोर उभं राहणाऱ्या कोणालाही ती सोय किती मोलाची आहे हे कळेल. तुम्ही दोन्ही नावं शेजारी शेजारी ठेवा. वर्षअखेर मूल 'एकवीस'वर आपोआप येतं.

कोणी वरिष्ठांनी 'वर्गात मराठीच बोला' असं सांगितलं तर आधार हाताशी असू द्या. शिक्षण हक्क कायदा २००९च्या कलम २९मध्ये, शक्य असेल तिथवर शिकवण्याचं माध्यम मुलाची मातृभाषा असावी असं म्हटलं आहे. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरची भाषा वापरायला सांगतं. आणि पालकांना स्पष्ट सांगा की मराठी आणि इंग्रजी आम्ही शिकवणारच आहोत, मुलाची भाषा आणतोय ती पोरं लवकर शिकावीत म्हणून. आपल्या लेकरांना चांगलं मराठी यावं ही त्यांची इच्छा खरी आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नका.

गावाचं वर्ष भिंतीवर मांडा

शाळेचं वर्ष जूनमध्ये सुरू होतं, गावाचं वर्ष वेगळ्याच गोष्टींवर चालतं. पहिल्या दोन-तीन महिन्यांत मोठ्या कागदावर बारा महिने आखा आणि मुलांना, ढाण्यावरच्या, म्हणजे कोरकू वस्तीवरच्या, म्हाताऱ्यांना विचारत भरत जा. पेरणी कधी, निंदणी कधी, लोक कामाला बाहेर कधी जातात, परत कधी येतात, कोणता सण किती दिवस चालतो.

मेळघाटात होळी हा कोरकूंचा सगळ्यात मोठा सण. दूर कामाला गेलेली माणसंही त्यासाठी गावी परततात. तेव्हा 'पट का रिकामा?' म्हणून चिडण्यात अर्थ नाही. त्या आठवड्यात घटक चाचणी न लावणं तुमच्या हातात आहे. पालकसभाही त्याच दिवसांत घ्या, कारण एरवी न दिसणारे वडील तेव्हा घरी सापडतात.

मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं गळतात. ती रात्रीपासून पहाटेपर्यंत पडतात आणि जनावरांच्या आधी वेचावी लागतात. त्या दिवसांत उशिरा येणारं मूल आळशी नसतं, ते दोन-तीन तास काम करून आलेलं असतं. त्याला दारात उभं करू नका, आधी पाणी प्यायला द्या. त्यानंतर तेंदूपानांचा हंगाम येतो.

आणि हाच तुमच्या गणिताचा तास आहे. महाराष्ट्रात तेंदूच्या एका पुडक्यात ७० पानं बांधतात. आठ-नऊ वर्षांची पोरं आईसोबत बसून पुडके बांधतात, न चुकता मोजतात. त्यांना विचारा: काल घरात किती पुडके झाले? चाळीस झाले असतील तर पानं किती? शंभर पुडक्यांना यंदा काय भाव मिळाला? मग आपल्या घरचे किती झाले? 'राजूने बारा पेन्सिली घेतल्या' या गणितात अडखळणारी मुलगी इथे तोंडी उत्तर देते. ती कशी मोजते ते फळ्यावर तिच्याच पद्धतीने लिहा. कोणी सत्तरला सात दहा धरतं, कोणी तीस आणि चाळीस असे दोन भाग करतं. हे लिहून झालं की त्याशेजारी पुस्तकातली उभी मांडणी ठेवा. गुणाकार तिला येतच होता, कागदावर कसा मांडायचा ते आता कळलं. माझ्या मते संस्कृती वर्गात आणणं म्हणजे हे. भिंतीवर मोहाचं चित्र लावणं हे त्यानंतरचं.

या मुलांसाठी शाळा बदलायची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र सुरू केलं. १९५७ मध्ये ते काम डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेलं. वारली मुलं शाळेत का येत नाहीत? कारण ती गुरं राखतात, धाकट्या भावंडांना सांभाळतात. मग त्यांनी अंगणात शाळा भरवली आणि गुरं चरतात त्या कुरणात कुरणशाळा नेली. आज शाळा कुरणात नेता येणार नाही. पण धाकट्या भावाला कडेवर घेऊन आलेल्या मुलीला परत न पाठवता त्याच्यासाठी कोपऱ्यात सतरंजी टाकता येते, अंगणवाडीताईंशी बोलून वेळा जुळवता येतात.

घरभेट: जायचं कधी, विचारायचं काय

अमेरिकेत ॲरिझोना राज्यातल्या टूसॉन शहरात १९९०च्या सुमारास लुईस मॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षकांना मेक्सिकन वंशाच्या कुटुंबांत पाठवलं. मुलाची तक्रार सांगायला नव्हे, त्या घरात कोणकोणतं ज्ञान आहे ते शिकून यायला. शेती, औषधी वनस्पती, बांधकाम, व्यापार असं बरंच काही सापडलं आणि त्यावरून पाठ तयार झाले. आपल्या गावांत हीच रीत चालते. अट एकच, जाताना हातात फॉर्म नको.

संध्याकाळी, शेतावरून माणसं परतल्यावर जा. आधी मुलाकरवी निरोप द्या. जिथे बसायला सांगतील तिथे बसा. खाट दिली तर खाटेवर, जमीन दाखवली तर जमिनीवर. पाणी, चहा, भाकरी जे देतील ते घ्या. न खाण्याचं कारण असेल तर ते आधीच नीट सांगा, कारण पाणी नाकारणाऱ्या पाहुण्याचा अर्थ या देशात सगळ्यांना ठाऊक आहे.

पहिल्या भेटीत मुलाचं एक चांगलं सांगा, आणि ते नेमकं असू द्या: 'तुमची मुलगी लहान पोरांना सांभाळून घेते', 'याला पक्ष्यांची फार माहिती आहे'. मग विचारा: घरी तो काय काय करतो? हे कोणी शिकवलं? तुमच्या लहानपणीचे खेळ कोणते? गोष्टी कोण सांगतं? जमीन किती, मुलं किती, दारू कोण पितं, संडास आहे का, हे प्रश्न पहिल्या भेटीत नकोत. असे प्रश्न विचारायला सरकारी माणसं येतच असतात. घरी आल्यावर त्या मुलाच्या नावापुढे दोन ओळी लिहा. वर्षाअखेर ती वही तुमचं सर्वांत उपयोगी शैक्षणिक साहित्य असेल.

म्हाताऱ्यांपैकी कोणी शाळेत येऊन गोष्ट सांगायला तयार असेल तर त्यांच्या भाषेत सांगू द्या. तुम्ही शेवटच्या बाकावर मुलांबरोबर बसा. नंतर मुलं ती तुम्हाला मराठीत सांगतील. यापेक्षा चांगला भाषेचा पाठ मला माहीत नाही. शाळा व्यवस्थापन समितीत कायद्याने किमान तीन-चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असतात. त्यांना सहीपुरतं बोलावू नका, असल्या कामांत घ्या.

स्वतःकडे बघणं

हा भाग टाळावासा वाटतो, पण टाळला तर बाकी सगळं वरवरचं राहतं.

आठवडाभर हजेरीपत्रकाची एक प्रत जवळ ठेवा. ज्या मुलाला प्रश्न विचारला त्याच्या नावापुढे टिंब, ज्याला काम सांगितलं त्याच्यापुढे रेघ. शनिवारी बघा. झाडायला कोण, पाणी आणायला कोण, परिपाठात पुढे कोण, फळ्यावर कोण? गावात दोन-तीन समाज असतील तर टिंबं आणि रेघा कुठे गोळा झाल्या ते लगेच दिसेल. जेवणाच्या पंगतीत कोण कोणाशेजारी बसतं, पाण्याच्या पिंपाला कोण हात लावतं, तेही बघा. कामांची पाळी यादी लावून ठरवा, स्वतःचं नावही तिच्यात घाला.

शिक्षकखोलीतली बोली तपासा. 'यांच्या घरी वातावरणच नाही', 'यांना शिकून करायचंय काय' ही वाक्यं भिंतीतून वर्गात जातात. महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये शिक्षणाची पाहणी करणाऱ्या हंटर आयोगापुढे मागणी केली होती की प्राथमिक शाळांचे शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले असावेत, कारण ते लोकांत मोकळेपणाने मिसळतील आणि त्यांच्या गरजा-इच्छा ओळखतील. तुम्ही त्या समाजातले नसाल तर हे मिसळणं तुम्हाला ठरवून, वेळ काढून करावं लागेल.

पारधी किंवा इतर विमुक्त समाजातलं मूल वर्गात असेल तर एक गोष्ट कटाक्षाने पाळा. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण नजर बदलली नाही. वर्गात कंपासपेटी हरवली की सगळ्यांच्या माना एकाच मुलाकडे वळतात. तुमची मान वळू देऊ नका. त्याचं दप्तर तपासू नका. 'सापडलेल्या वस्तू' असा खोका दारात ठेवा, उद्यापर्यंत वस्तू त्यात यावी असं सगळ्यांना सांगा आणि पुढच्या पाठाला लागा. एकदा सगळ्यांसमोर झडती झालेलं मूल बहुधा पुन्हा शाळेत येत नाही.

मुलांची नावं बदलू नका. बुधिया, सोमजी, मुंगीलाल अशी नावं पटावर 'सुधारण्याची' खोड अजून आहे. पालक जसं म्हणतात तसं ऐका आणि तसंच लिहा. शुद्धलेखनाच्या हौसेने केलेला बदल पुढे जातीच्या दाखल्याला आणि शिष्यवृत्तीला आडवा येतो.

स्नेहसंमेलन, आणि जिथे मान डोलवायची नाही अशा गोष्टी

पाहुणे आले की मुलांना पारंपरिक वेश घालून नाचवायची पद्धत पडली आहे. कोरकूंचं गदली-सुसून नृत्य मुलांना आवडतं, जरूर बसवा. पण आधी गावाला विचारा की ते केव्हा नाचतात, कोणी नाचायचं, कोणती गाणी फक्त देवकार्याची आहेत. ढोल-बासरी वाजवणाऱ्या गावातल्या माणसाला मंचावर मानाने बसवा. आणि वर्षभर वर्गात ज्या भाषेला जागा नव्हती तिचं गाणं एका संध्याकाळपुरतं वाजवण्यात काही हशील नाही.

दुसऱ्या टोकाचीही भीती असते. 'त्यांची संस्कृती आहे' म्हणून सगळ्यालाच मान डोलवायची. मेळघाटात लहान बाळाचं पोट फुगलं की तापल्या लोखंडाने चटके देण्याची प्रथा आहे, तिला डंबा म्हणतात. बाळ भाजतं, जीवही जातो. अशा वेळी गप्प बसणं म्हणजे आदर नव्हे. त्याच दिवशी आशाताईंना आणि आरोग्य केंद्राला कळवा. बालविवाह ठरला असेल तर ग्रामसेवक (आताचे ग्रामपंचायत अधिकारी) आणि चाइल्ड हेल्पलाइन, क्रमांक १०९८. मात्र भर सभेत गावाची लाज काढू नका. आई बाळाला डंबा द्यायला नेते ती त्याचा जीव वाचावा म्हणून, हे ध्यानात ठेवून तिच्याशी बोला. भुमकाशी, म्हणजे गावच्या मांत्रिक-वैदूशीही बोला. 'तुम्ही मंत्र म्हणा, पण त्याआधी गाडीत घालून दवाखान्यात पाठवा' असं सांगितलं तर ऐकणारे भुमका असतात. वर्षभर पाणी पिऊन, गोष्टी ऐकून जोडलेलं नातं तेव्हा कामी येतं.

स्थलांतराचं थोडक्यात: दिवाळीनंतर कुटुंबं ऊसतोडीला, वीटभट्टीला जाऊ लागली की यादी आधीच करा. आजी-आजोबांकडे राहू शकणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव वेळेत पाठवा, जाणाऱ्यांच्या हाती शिक्षण हमी पत्रक (तिकडच्या शाळेत बसता यावं म्हणून द्यायचं पत्र) द्या आणि तिकडच्या शाळेच्या शिक्षकाला स्वतः फोन करा. परत आलेल्या मुलाला 'तुझं किती बुडालं' असं न विचारता 'तिकडे काय पाहिलंस' असं विचारा, आणि त्याला वर्गापुढे ते सांगू द्या.

जमतंय का, हे कसं ओळखाल

मुलं वर्गात आपसांत बोलताना तुम्हाला बघून भाषा बदलत नाहीत. पहिलीतलं पोर चुकीचं का होईना, मराठीत भांडतं. आया शाळेच्या ओट्यावर येऊन बसतात. कोणीतरी घरचं पहिलं मक्याचं कणीस तुमच्यासाठी पाठवतं. मुलं पुस्तकातल्या धड्याला 'आमच्याकडे असं नसतं' असं म्हणतात. हे शेवटचं ऐकू आलं की तास थांबवा आणि 'मग कसं असतं?' असं विचारा.

यातलं काहीच दोन वर्षांनीही दिसलं नाही तर केंद्राच्या शिक्षण परिषदेत विषय काढा. शेजारच्या शाळेत त्याच समाजातले एखादे गुरुजी असतील तर त्यांना तुमच्या वर्गात बसून निरीक्षण करायला बोलवा, आणि ते सांगतील ते लिहून घ्या.

एक दिवस तुमचीही बदली होईल. शब्दांची वही, गावाच्या वर्षाचा तक्ता, घरभेटींच्या नोंदी हे सगळं एका फाइलीत लावा. त्यातलं घरांचं खासगी बोलणं काढून टाका. फाइलीवर पुढच्या शिक्षकाचं नाव लिहा, आणि गावात पहिली भेट कोणाच्या घरी द्यायची तो पत्ता पहिल्याच पानावर द्या. शक्य असेल तर रुजू व्हायच्या दिवशी सोबत जाऊन त्या घरी ओळख करून द्या.